पान अकरावरची ओळ

रविवारी सकाळी सहा वाजता घरात संडास होते दोन आणि गरजवंत अकरा.

आदल्या दिवशी आप्पा आणि आईच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण झाली होती. एकतीस माणसं जेवली. आप्पांचं भाषण झालं, आईचं झालं नाही, कारण आप्पांचं संपलंच नाही. "हसून हसून पोट दुखलं हो," असं म्हणत पाहुणे संध्याकाळी पांगले, आणि आज उजाडल्यापासून त्याच पाहुण्यांचे फोन येत होते. पोट अजून दुखत होतं, पण हसण्याचं कुणी नाव काढत नव्हतं.

वरच्या मजल्यावर वहिनी मनगटी घड्याळ हातात धरून उभी होती. या घराची थोरली सून झाल्यापासून कुठेही गर्दी झाली की व्यवस्था तिच्याकडे यायची. प्रत्येकाला चार मिनिटं असा तिचा नियम होता, आणि तो पहिल्यांदा मोडला तिच्याच नवऱ्याने.

"अहो, सात झाली!"

"मोजू नकोस!" दादा आतून ओरडला. "मोजलं की जास्त वेळ लागतो!"

खालच्या खोलीत आत्या खुर्चीत ऐसपैस बसून चहात बिस्कीट बुडवत होत्या. आप्पांची ही थोरली बहीण, वय ऐंशी. काल त्यांनी तीन वाट्या कस्टर्ड खाल्लं होतं आणि आज त्यांच्या पोटात साधं गुरगुरतही नव्हतं.

"आमच्या वेळी एकच संडास होता, तोही परसात," त्यांनी जाहीर केलं. "पण कधी कुणाचं अडलं नाही. आजकालच्या पोटांना दमच नाही."

जिन्यावरून ताई खाली आली ती वही आणि पेन घेऊनच. दादाच्या पाठची ही बहीण राज्याची साथरोग अधिकारी होती. राज्यात कुठेही एका ठिकाणी पाच किंवा जास्त माणसं एकाच दुखण्याने आजारी पडली की त्याची नोंद चोवीस तासांत तिच्या टेबलावर यायला हवी, हा नियम तिनेच केला होता. जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांना ती फोनवर सांगायची, "पाच म्हणजे पाच. पाचवा माणूस तुमचा साडू असला तरी." त्यामुळे जिल्ह्यांत तिला मागे काय म्हणत असतील ते सांगायला नको.

आता तिच्या वहीत एकोणीस नावं होती. अकरा घरातली आणि आठ फोनवरची. स्वतःचं नाव तिने सहाव्या नंबरवर लिहिलं होतं.

"वही कशाला?" दादा भिंतीला धरत जिना उतरत होता.

"नोंद करायला."

"घरच्या माणसांची?"

"घरच्यांचं पोट काय वेगळ्या मापाचं असतं? बस. आधी हे पी. लिटरभर उकळलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. थोडं थोडं पीत राहायचं, सगळ्यांनी."

"उकळलेलं कशाला?" आप्पा पेपर बाजूला करून म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आपल्याला काहीही झालेलं नाही असं त्यांनी सकाळपासून चार वेळा सांगितलं होतं, आणि त्यातल्या तीन वेळा ते घाईत होते. "माझ्या टाकीचं पाणी उकळायची गरज नसते. गॅस फुकट घालवू नका."

ताईने दादाच्या हातात ग्लास दिला. आप्पांच्या पाण्यावर या घरात कुणी काही बोलत नसे.

*

धाकटा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता आणि आपली धडगत नाही हे त्याला कळून चुकलं होतं.

बारा वर्षं एका मोठ्या हॉटेलात शेफ म्हणून राबल्यावर त्याने स्वतःची छोटी खाणावळ काढायचं ठरवलं होतं. सोळा खुर्च्या, आठ टेबलं, गुरुवारी उद्घाटन. कालचं सगळं जेवण त्यानेच केलं होतं. भात, दोन भाज्या, मासे, कोशिंबीर आणि शेवटी कस्टर्ड. गेल्या वर्षी दादा पाहुण्यांसमोर त्याला "आमचा आचारी" म्हणाला होता, तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं आईमार्फत चालायचं. कालच्या जेवणाने दादाचं तोंड बंद होईल, असं त्याला वाटलं होतं.

"कस्टर्ड तीन तास बाहेर होतं," बाहेरून दादाचा आवाज आला. "आई, त्याला सांग, मी घड्याळ पाहिलं होतं."

"आई, त्याला सांग, ते बर्फात होतं," धाकटा आतून म्हणाला.

"दोघांनाही ऐकू येतंय," आई म्हणाली. ती कोपऱ्यात तिच्या नव्या तपकिरी चष्म्यात बसली होती. आठ दिवसांपूर्वी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, जिना चढायचा नाही आणि चष्मा काढायचा नाही अशी ताकीद दिली होती. तिचं पोट शाबूत होतं. ऑपरेशनपासून ती उकळलेलंच पाणी पीत होती, कारण डोळ्याच्या डॉक्टरांनी सगळ्याच बाबतीत जपायला सांगितलं होतं.

"पोराने जीव ओतून केलंय," ती पुढे म्हणाली. "त्याच्या हातचं खाऊन कुणी आजारी पडणार नाही."

"एकोणीसजण पडलेत!" आप्पा म्हणाले. "हॉटेलवाल्यांचं मी आयुष्यभर पाहत आलोय. वरून चकचकीत, आत बघितलं की नाक धरायची वेळ."

आप्पा दादाच्या बाजूला आणि आई धाकट्याच्या, ही या घरातली जुनी वाटणी होती. धाकटा ताईकडे वळला.

"ताई, खरं सांग. तुझ्या रिपोर्टात 'कस्टर्ड' असा एक शब्द जरी आला ना, तर परवा परवान्याला येणारा माणूस दारातून परत जाईल. गुरुवारी मी काय, खुर्च्या वाढू लोकांना?"

"मला अजून काहीच माहीत नाही," ताई म्हणाली. "मी फक्त विचारणार. कुणी काय खाल्लं आणि काय प्यायलं. खरं सांगायचं, बस्स."

"या घरात?" धाकटा म्हणाला. "मग संपलंच."

*

जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ताई बसली आणि एकेकाला बोलवायला लागली. आदल्या दिवशीच्या जेवणाचा एकेक पदार्थ डावीकडे, माणसं वरच्या ओळीत, खाल्लं तिथे बरोबरची खूण. हे काम तिने राज्यभर केलं होतं. लग्नाच्या मांडवात केलं होतं, वसतिगृहात केलं होतं, एकदा तुरुंगातही केलं होतं. खरं उत्तर मिळवायला तुरुंगात सगळ्यात कमी वेळ लागला होता.

पहिली वहिनी.

"कस्टर्ड?"

"नाही. माझं डाएट चालू आहे."

"वहिनी."

वहिनीने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "दोन वाट्या. फ्रिजच्या दारामागे उभी राहून. यांना सांगू नका, मी यांचं गोड बंद केलंय."

"सरबत?"

"अर्धा ग्लास. मीच केलेलं ना ते. पाणी टाकीचं, बर्फही टाकीच्याच पाण्याचा, लिंबं ताजी. त्यात काय होणार?"

मग आत्या आल्या. त्यांना काही विचारावं लागलं नाही. भात दोनदा, मासे तीन तुकडे, कोशिंबीर, दोन्ही भाज्या, कस्टर्ड तीन वाट्या. "लिहून घे नीट, चौथी देत होता, मीच नको म्हटलं."

"आणि सरबत?"

"छे गं. घसा धरला होता माझा. गरम चहावर होते मी दिवसभर."

ताईचं पेन क्षणभर थांबलं. मग तिने दादाला बोलावलं.

दादा आला तो जरा आढेवेढे घेत. सगळ्यांत वाईट अवस्था त्याची होती. रात्रीपासून नऊ वेळा, हा आकडा वहिनीने अधिकृतपणे दिला होता.

"भात?"

"हो."

"मासे?"

"हो, हो. सगळंच. सगळ्यांनी खाल्लं तेच."

"माशांत मिरी होती की आलं?"

दादा खिडकीबाहेर पाहू लागला. स्वयंपाकघराच्या दारात धाकटा हात बांधून येऊन उभा राहिला होता.

"मिरी," दादा म्हणाला.

"आलं होतं," धाकटा म्हणाला. किती महिन्यांनी तो आईला मध्ये न घालता बोलला, हे त्या क्षणी दोघांच्याही लक्षात आलं नाही. "तू खाल्लंच नाहीस."

"ताई, हे लिहायला हवं का?"

"हवं."

दादाने मान खाली घातली. "नाही खाल्लं. याच्या हातचं खाणार नाही असं म्हणून बसलो होतो मनाशी. ताट घेऊन मागच्या अंगणात गेलो आणि शेजारच्यांच्या कुत्र्याला घातलं. सगळं. कस्टर्डसकट. मी येताना खिशात पाव आणला होता, तो खाल्ला."

"आणि प्यायलास काय?"

"सरबत. चार ग्लास. पाव कोरडा होता ना."

ताईने अगदी सावकाश विचारलं, "कुत्रं कसं आहे?"

वहिनी खिडकीशी गेली. "शेपटी हलवतंय," ती म्हणाली. "आपल्याच दाराकडे बघतंय. त्याला अजून हवंय."

आधी धाकटा हसला. हसता हसता खाली बसला. मग आत्या, मग वहिनी, आणि शेवटी दादाही पोट धरून हसायला लागला आणि तसाच जिन्याकडे पळाला. ज्याने कस्टर्डला हात लावला नाही तो नऊ वेळा, आणि जिने तीन वाट्या खाल्ल्या ती बिस्किटं बुडवतेय. भावाच्या रुसव्याने भावाची खाणावळ वाचवली होती.

ताईने हसत हसतच वहीत बाकीच्यांच्या खुणा पाहिल्या. फोनवरच्या आठांनीही सरबत घेतलं होतं. ज्यांनी फक्त चहा घेतला ते ठणठणीत होते. तिचं हसू थांबलं. सरबतात लिंबू, साखर, बर्फ आणि पाणी याशिवाय काही नव्हतं. तिने वर पाहिलं, छताकडे. एकेक करून सगळ्यांनी वर पाहिलं.

आप्पांनी पेपर पुन्हा तोंडापुढे धरला.

*

आप्पा गच्चीवर पोचले तेव्हा ताई त्यांच्या मागोमाग होती आणि तिच्या हातात पाणी तपासायची छोटी पेटी होती. काचेची नळी आणि थेंबांची बाटली. पाण्यात पुरेसं क्लोरीन असेल तर थेंब टाकल्यावर पाणी पिवळं होतं, नसेल तर होत नाही. आप्पांच्या मते हा पोरखेळ होता.

चौतीस वर्षं त्यांनी राज्याच्या पाणीपुरवठ्यात काढली होती, त्यातली शेवटची नऊ मुख्य निरीक्षक म्हणून. टाकीचं झाकण उघडायचं, एकदा श्वास घ्यायचा आणि सांगायचं, पावडर कमी पडली, किंवा परवाची आहे, किंवा माणूस खोटं बोलतोय. खात्यात त्यांना "नाक" म्हणत. "उद्या नाक येतंय" असा निरोप आला की गावोगावचे पंपवाले कामाला लागायचे. पाणी कर्मचाऱ्यांसाठी त्यांनी मार्गदर्शिका लिहिली होती. ती आजही शिकवली जात होती आणि तिच्या पान अकरावर लिहिलं होतं, 'क्लोरीनचा हलका वास आल्यास पाणी पिण्यायोग्य समजावे. अनुभवी नाकासारखे स्वस्त व इमानी उपकरण नाही.'

ही ओळ काढून टाकून प्रत्येक टाकीवर रोज थेंबांची तपासणी सक्तीची करावी, असा प्रस्ताव ताईने मांडला होता. मंगळवारी राज्य समितीची बैठक होती. आप्पांनी समितीला आपल्या हाताने चार पानी पत्र लिहून विरोध कळवला होता. समितीतले अर्धे लोक त्यांच्या हाताखाली शिकलेले होते आणि आप्पांचं पत्र आल्यापासून त्यांचे पाय अडखळत होते. बाप-लेकीने या विषयावर घरात एक शब्द काढला नव्हता.

"बघ," म्हणत त्यांनी झाकण उचललं, डोकं आत घातलं आणि भरपूर श्वास घेतला. "येतोय. हलका, पण येतोय."

ताईने नळी भरली. थेंब टाकले. हलवून उजेडात धरली. पाणी जसंच्या तसं राहिलं.

"थेंब जुने असतील," आप्पा म्हणाले.

ताईने कोपऱ्यातली ब्लीचिंग पावडरची पिशवी उघडली. तोंड नीट बांधलेलं नव्हतं, पावडर ओल लागून दगड झाली होती. तिने एक खडा उचलून स्वतःच्या नाकाला लावला. मग तो वडिलांपुढे धरला.

आप्पांनी तो घेतला. नाकाजवळ नेला. आता काय म्हणावं, 'उग्र आहे' की 'विरून गेलंय', ते त्यांना ठरवता येईना. खडा त्यांच्या हातात होता आणि त्यांना काहीच कळत नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या एका तापानंतर त्यांना कधीच काही कळलं नव्हतं. ना फुलाचं, ना फोडणीचं, ना क्लोरीनचं. रोज पहाटे ते टाकीत डोकं घालून आठवणीतला वास घेत होते. हे कुणालाच ठाऊक नाही, अशी त्यांची खात्री होती.

"आप्पा," ताई म्हणाली, "कधीपासून?"

त्यांनी खडा पुन्हा पिशवीत टाकला. ज्या विहिरीतून ही टाकी भरायची तिच्यात शुक्रवारच्या पावसात अंगणातलं पाणी कठड्यावरून शिरलं होतं. ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं, म्हणून दुप्पट पावडर टाकली होती. मेलेल्या पावडरची दुप्पट.

"दोन वर्षांपासून!" खालून आवाज आला.

आई जिन्याच्या शेवटच्या पायरीशी उभी होती. चढायची बंदी होती म्हणून तिथूनच तोंड वर करून बोलत होती.

"दोन वर्षांपासून यांना वास येत नाही. आणि चूक यांची एकट्याची नाही, माझीपण आहे. खाली या दोघंही. मला ओरडायला लावू नका, टाके ताणतात."

*

ताईने दोन वर्षांपूर्वी आईला सहज एक थेंबांची पेटी आणून दिली होती. आईने ती शिलाई मशीनच्या खणात, रिळांच्या मागे ठेवली होती. आप्पा सकाळी टाकी बघून खाली आले आणि पेपरात गुंतले की ती स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी नळीत घ्यायची. पिवळं झालं तर ठीक. फिकं वाटलं तर क्लोरीनच्या औषधाची बाटली पदराखाली घेऊन कपडे वाळत घालायच्या निमित्ताने गच्चीवर जायची.

"म्हणून तुम्ही पावसाळ्यातही गच्चीवर कपडे वाळत घालायचात!" वहिनी म्हणाली. "मी म्हणायचे, सासूबाईंना झालंय काय?"

"मग या आठवड्यात काय झालं?" ताईने विचारलं.

"रोज बघितलं गं. कालही बघितलं. चांगलं पिवळंधमक दिसलं."

ताईने आईच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग हात पुढे करून तिचा चष्मा अलगद काढून स्वतःला लावला. तपकिरी काचांतून भिंत पिवळी दिसत होती, आत्यांचे पांढरे केस पिवळे दिसत होते, रिकामा ग्लासही पिवळा दिसत होता.

"अगंबाई," आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "अगंबाई."

आप्पा खिडकीशी उभे होते, पाठ करून.

"दोन वर्षं," ते शेवटी म्हणाले. "माझ्या मागून माझीच तपासणी."

"पन्नास वर्षं चालू आहे ती," आई म्हणाली. "तुम्ही बटणं वरखाली लावता तेही मीच बघते."

आप्पा वळले नाहीत. तसेच आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

*

ताईने टेबलावर उद्रेकाचा फॉर्म उघडला आणि तिच्याभोवती सगळं घर गोळा झालं.

"हे बघ," दादाने सुरुवात केली, "सगळ्यांना उतार पडलाय. फोनवरच्या यादीतल्या काकांना दवाखान्यात दाखवून आणलं, तेही घरी आलेत. झालं गेलं. कशाला लिहायचं?"

"दादा बरोबर म्हणतोय," धाकटा म्हणाला.

हे वाक्य ऐकून वहिनीने हातातला चमचा खाली ठेवला.

"वाटलं तर कस्टर्ड लिही," धाकटा पुढे म्हणाला. "माझं बघू काय ते. गुरुवारचं पुढच्या महिन्यात करू. पण आप्पांचं नाव नको."

"वेडा आहेस का?" दादा त्याच्यावर खेकसला. "कस्टर्ड का म्हणून? चांगलं होतं म्हणे कस्टर्ड. सरबत नासलं होतं असं लिही."

"सरबत मी केलं होतं!" वहिनी म्हणाली. "पण लिहा. माझं काय जातंय."

"माझ्या भावाची चौतीस वर्षांची अब्रू आहे," आत्या म्हणाल्या. "एका पोटदुखीसाठी घालवू नकोस, पोरी."

इतक्या वर्षांत हे घर एका बाजूला आलं ते आज, आणि नेमकं ताईच्या विरुद्ध. तिला हसावं की रडावं कळेना. ती सगळ्यांवर चिडलीही होती आणि त्यांचे मुके घ्यावेत असंही तिला वाटत होतं.

"शुक्रवारचा पाऊस फक्त आपल्या अंगणात पडला नव्हता," ती म्हणाली. "पलीकडच्या तीन घरांना आपल्याच विहिरीचं पाणी जातं. त्यांना मी मघाशीच सांगून आले, उकळून प्या. पण या भागात अशा दीडदोनशे विहिरी असतील. मी ही नोंद केली तर उद्या सकाळी जिल्ह्याचं पथक निघतं आणि एकेक विहीर तपासतं. नाही केली तर पुढच्या रविवारी कुणाच्या तरी घरी रांग लागेल, आणि त्या घरात चार महिन्यांचं बाळ असेल तर ते चार मिनिटंही थांबणार नाही."

ताई लिहायला लागली. रुग्ण एकोणीस. पाण्याचा स्रोत, खासगी विहीर. क्लोरीन, शून्य. मग ती एका रकान्यापाशी आली आणि तिचा हात थांबला. 'पाण्याची तपासणी कोणत्या पद्धतीने होत होती?' हा रकाना तिनेच फॉर्ममध्ये घातला होता. तो कोरा सोडला तर जिल्ह्याचा कारकूनही फॉर्म परत पाठवेल, आणि भरला तर मंगळवारी समितीसमोर तो मोठ्याने वाचला जाईल. ज्या माणसाने तिला लहानपणी खांद्यावर बसवून राज्यभरच्या टाक्या दाखवल्या, त्याच्याबद्दल काय लिहायचं, हे तिला सुचेना.

"सरक."

आप्पा तिच्या मागे उभे होते. अंगात धुतलेला शर्ट होता, बटणं नीट लावलेली, आणि काखेत मार्गदर्शिका होती. ताई सरकली. ते खुर्चीवर बसले, तिचं पेन घेतलं आणि त्या रकान्यात आपल्या निरीक्षकी, टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'वासाने. तपासणाऱ्याचे नाक दोन वर्षांपासून बंद आहे. त्याने हे कळवले नाही.' खाली सही केली. सहीखाली लिहिलं, 'निवृत्त मुख्य पाणी निरीक्षक.'

"आप्पा, एवढं लिहायची गरज नव्हती," ताई म्हणाली.

"असं माझ्या हाताखालचा पंपवाला म्हणाला असता तर मी त्याचं काय केलं असतं, ठाऊक आहे ना?" त्यांनी मार्गदर्शिका उघडली. पान अकरा. त्या ओळीवर त्यांनी एक सरळ रेघ मारली, घाई न करता, पट्टी लावून. "समितीला सांग, माझं पत्र मागे घेतलं. आता नवीन ओळ लिहून घे. नाकावर विश्वास ठेवू नये, बायकोवर ठेवावा."

"सरकारी पुस्तकात असं लिहिता येत नाही, आप्पा."

"येत नाही?" ते जरा विचारात पडले. "मग लिही, तपासणी रोज दोन माणसांनी करावी. एकाने पाणी आणावे, दुसऱ्याने रंग पाहावा. आणि रंगीत चष्मा लावून पाहू नये."

आत्यांनी पदराने डोळे पुसले आणि कस्टर्ड उरलंय का, असं विचारलं. धाकटा फ्रिजकडे गेला. दादा त्याच्या मागोमाग गेला आणि दाराशी घुटमळत म्हणाला, "मलाही थोडं दे. सावकाश खातो."

"चार दिवस तू फक्त भात," धाकटा म्हणाला. "गुरुवारी ये. पहिलं ताट तुझं. कुत्र्याला आणू नकोस."

*

संध्याकाळी विहीर आणि टाकी उपसून झाली, नवी पावडर आली. तासभर थांबल्यावर आप्पा गच्चीवर गेले. आई खाली, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. डॉक्टरांना फोन करून तिने विचारून घेतलं होतं. ऊन नसेल तर दोन मिनिटं चष्मा काढायला त्यांची हरकत नव्हती.

"का गं," आप्पा वरून म्हणाले, "तुला कळलं कधी?"

"दूध करपलं त्या दिवशी. तुम्ही त्याचा चहा दोन कप प्यालात आणि वर म्हणालात, आज फक्कड झालाय."

"मग तेव्हाच का बोलली नाहीस?"

"टाकीत डोकं घालून बाहेर काढायचात ना, तेव्हा इतके खूश दिसायचात," ती म्हणाली. "म्हटलं, राहू दे."

आप्पांनी नळी हातात घेतली. झाकण उचललं. पाणी घ्यायच्या आधी, चौतीस आणि त्यानंतरच्या सगळ्या वर्षांच्या सवयीने, डोकं आत घातलं आणि छाती भरून श्वास घेतला.

"येतोय का काही?" आईने खालून विचारलं.

"काहीच येत नाही!" आप्पा मोठ्याने म्हणाले. पलीकडच्या तिन्ही घरांत ऐकू गेलं असेल.

"मग घेऊन या खाली," आई म्हणाली आणि तिने चष्मा काढला.